बेझबरुआ समितीची राहिलेली कलमे

मा. केंद्रीय गृहमंत्री, नवी दिल्ली यांस,

वांशिक अवमान, म्हणजे चेहरेपट्टी, वर्ण किंवा मूळ प्रदेश यांवरून माणसाची केलेली मानहानी, हा भारतीय कायद्यात आजही स्वतंत्र गुन्हा नाही. दिल्लीच्या लाजपत नगरात केसांवरून झालेली टिंगल आणि मारहाण यांनंतर 30 जानेवारी 2014 रोजी अरुणाचलच्या निडो तानियाचा मृत्यू झाला, तेव्हा गृह मंत्रालयानेच एम. पी. बेझबरुआ समिती नेमली आणि तिच्या अहवालातून दंड संहितेत 153 सी व 509 ए ही कलमे घालण्याची सूचना पुढे आली. जुलै 2024 मध्ये दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण ती कलमे काही तिच्यात आली नाहीत.

वंशाचा उल्लेख नव्या संहितेत नाही असे नाही. तो गटागटांत वैर पसरवणाऱ्यांसाठी आणि जमावाने केलेल्या खुनासाठी आहे. दिल्लीतल्याच मुनिरक्याच्या गल्लीत एकट्या मुलीला कोणी ‘चिंकी’ म्हटले, तर अनुसूचित जमातीच्या मुलीला अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार तरी शोधता येतो, मणिपूरच्या मैतेई मुलीला तोही नाही. शिवी एकच, चेहराही तसाच, कायदा मात्र वेगळा.

दिल्ली पोलिसांनी 2007 मध्ये ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत कपडे जपून घालण्याच्या आणि अखुनीसारखे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे, उग्र वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होईल अशा बेताने शिजवण्याच्या सूचना होत्या. ज्याची छेड काढली जाते त्यानेच सांभाळून राहावे, हा त्यातला न्याय अजब होता. पुढे 2014 मध्ये 1093 ही मदतवाहिनी आणि स्वतंत्र पोलीस पथक आले, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही मार्च 2020 मध्ये उत्तर दिल्लीत एका मणिपुरी तरुणीवर ‘कोरोना’ म्हणत थुंकण्यात आले. (महाराष्ट्राने यावर नाक मुरडू नये, ऑगस्ट 2012 मध्ये अफवांच्या धास्तीने ईशान्येचे लोक पुणेही सोडून गेले होते.)

दक्षिण आफ्रिकेतील वंशभेदाचा प्रश्न भारताने 1946 मध्येच संयुक्त राष्ट्रांत नेला आणि वांशिक भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार 1968 मध्ये स्वीकारला. त्या कराराचा चौथा अनुच्छेद वांशिक द्वेषाचा प्रसार आणि वंशावरून होणारी हिंसा दंडनीय ठरवण्यास सांगतो. जगाला सांगितलेले राजधानीत लागू करायला एवढा उशीर शोभत नाही. मंत्रालयाने न्याय संहितेत दुरुस्ती करणारे विधेयक संसदेत आणावे, आणि ते होईपर्यंत तक्रारदाराने सांगितलेला वांशिक हेतू प्रथम खबरी अहवालात नोंदवण्याचा आदेश दिल्लीतील प्रत्येक पोलीस ठाण्याला द्यावा.