घड्याळ किती खरं?

पुतण्या बीडला आला तो खट्टूच. लाखांचं स्विस घड्याळ रोज पाच सेकंद पुढे जातं! म्हटलं, अरे, दिवसाचे सेकंद ८६,४००. स्वित्झर्लंडची 'कॉस्क' संस्था प्रमाणपत्र देते तेही रोजी सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांना. बिनचूक वेळच हवी तर काही शेकड्यांतलं क्वार्ट्झ घे.

माझं मत विचाराल तर यांत्रिक घड्याळ रोज लावायचंच असतं. नोकरीत असताना मी ते आकाशवाणीच्या ठोक्यांवर लावायचो. एकदा आठवडाभर आळस केला आणि परीक्षेत एका मुलीचा पेपर दोन मिनिटं आधी ओढून घेतला. ती रडली. चूक घड्याळाची नव्हती, माझी होती.

मंडळी, तुम्ही तुमचं घड्याळ शेवटचं कधी लावलंत?