वाटेवरचे नगर

आमचे बिऱ्हाड ग्वाल्हेरीस आणि आजोळ सोलापुरास. त्यामुळे मनमाड-दौंड लोहमार्गाशी आमची ओळख बाराखडीइतकीच जुनी. १८७८ साली सुरू झालेल्या या मार्गावर नगरचे स्टेशन आले की वडील खिडकीतून शहराच्या दिशेस बोट दाखवीत व म्हणत, "तिकडे भुईकोट किल्ला. नेहरू तेथेच होते." आम्ही दोघे भाऊ माना उंचावून पाहत असू. दिसत ती झाडे, मालाच्या वाघिणी आणि चहावाले. "पुढच्या खेपेस उतरू," हे वडिलांचे पुढचे वाक्य. ती खेप त्यांच्या हयातीत आली नाही.

यंदा मुलाकडे बेंगळुरूस होतो, तोच दादाचा दूरध्वनी आला. त्याने अंथरूण धरल्याला आता वर्ष होईल. म्हणाला, "कर्नाटक एक्सप्रेसनेच येतोस ना? मग नगरला उतर. किल्ला बघ आणि मला येऊन सांग." मला ते रुचले नाही. आजारी भावाच्या भेटीस निघावे आणि वाटेत प्रेक्षणीय स्थळे पाहत बसावे, हे लोकांस काय वाटेल? सौभाग्यवती म्हणाली, "अहो, भावोजींनी मिठाई मागितली असती तर आणली असतीत ना? त्यांनी किल्ला मागितला आहे." यावर उत्तर नव्हते. दुपारी नगरास उतरावे व रात्रीची झेलम धरावी, अशा बेताने दोन निराळी आरक्षणे केली.

२०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवींचे जन्मस्थान चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. रिक्षावाल्यास मात्र 'किल्ला' एवढा एकच शब्द पुरला. किल्ला सैन्याच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र जवळ असावे, आणि आत केव्हा सोडतात याची आगाऊ चौकशी करावी. वाटेवर उतरणाऱ्यास दुसऱ्या दिवशी येण्याची सोय नसते.

किल्ल्याचा इतिहास आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे: अहमद निजामशहा, १५९५-९६ च्या मोगली वेढ्यातील चांदबिबी, १८०३ च्या ऑगस्टात किल्ला घेणारा वेलस्ली. मी मात्र निघालो होतो एका आगगाडीच्या उतारूंची खोली पाहावयास. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत पकडलेले पुढारी खास गाडीने निघाले. वाटेत गांधीजींस उतरवून पुण्यास आगाखान महालात नेले, आणि काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद नगरास आले. आत बारा जण होते. वल्लभभाई, पंत, नरेंद्र देव, कृपलानी आणि आपले शंकरराव देव त्यांत होते. आमचा मुक्काम सहा तासांचा. त्यांचा १९४५ च्या मार्चपर्यंत लांबला. नेहरूंनी तेथे बाग केली, खणताना जमिनीत जुन्या भिंती लागल्या, आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढले. हे वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकले होते.

न ऐकलेले होते ते मौलाना आझादांचे. पहाटे उठून स्वहस्ते चहा करावा व एका स्नेह्यास पत्र लिहावे, हा त्यांचा क्रम. पत्रे टपालात पडत नसत. पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांवरही त्यांनी लिहिले आहे. ते मुंबईच्या बैठकीस निघाले तेव्हा पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास आजारीच होत्या. १९४३ च्या वसंतात दुखणे विकोपास गेल्याच्या वार्ता आल्या. सरकारकडे अर्ज करावयाचा असल्यास तो तत्काळ पाठवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी काही मागावयाचे नाही असे ठरविले. एप्रिलात पत्नी निवर्तल्या. भेट झाली नाही ती नाहीच.

हे मी तेथल्या ओसरीवर उभा राहून सौभाग्यवतीस सांगितले. त्यांचा तो निश्चय थोर होता हे मला कळते. घरात बसलेल्या बाईने तो कसा सोसला असेल, हे काही कळत नाही. ती बराच वेळ बोलली नाही. मग घड्याळ पाहून म्हणाली, "झेलम वेळेवर आहे ना, एकदा बघा बरे." गाडीस अजून चार तास होते. फराहबाग पाहण्याचा बेत होता, तो आपोआपच राहिला. आम्ही सरळ स्टेशनावर आलो, बाकावर बसून दशम्या व लसणीची चटणी खाल्ली आणि गाडीची वाट पाहत राहिलो.

ग्वाल्हेरीस पोहोचताच दादाने स्नानास जाण्यापूर्वीच मला पलंगाशी बसवून घेतले. खंदक, दरवाजा, खोल्या, सारे विचारून घेतले. नंतर म्हणाला, "स्टेशनावरून खरेच काही दिसत नाही का रे?"

"नाही."

"मग आबा काय दाखवीत होते?"

आम्ही दोघेही हसलो. त्याला खोकला आला, वहिनींनी पाणी दिले. खोकला निवल्यावर त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "रिक्षात बसलास, तेथून पुन्हा सांग."