गिअर अडला की थंडीला बोल लावू नका, ऑइलचा नंबर बघा



कापूस जिनिंगला न्यायचा, कुणाला पऱ्हाटीत रोटाव्हेटर घालायचा. सकाळी सहाला ट्रॅक्टर काढावा, तर पहिला गिअर पडता पडत नाही. मग दोन हातांनी दांडा ओढायचा आणि बोल लावायचा थंडीला. आमचं मत सरळ आहे: मलकापुरात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो. तेवढ्यात गिअर थोडा जड लागेल, पण अडू नये.

आपल्याकडे एक खोड आहे. गिअरबॉक्स आवाज करू लागला की ९० च्या जागी १४० ओतायचं. आवाज दबतो, माणूस खूश. पण झिजलेला दात काही भरून येत नाही, फक्त झीज कळायची बंद होते. १०० अंशांवर मोजलं तरी ९० चा जाडपणा किमान १३.५ सेंटिस्टोक, १४० चा किमान २४. गार झाल्यावर हा फरक आणखी वाढतो. त्या काकवीत गिअर सरकवायचा म्हणजे फोर्कवर जोर येणारच. पिकअपमध्ये तर सिंक्रोच्या रिंगला मधलं ऑइल बाजूला सारून पकड घ्यावी लागते. ऑइल दाट असलं की पकड उशिरा, अन् गिअर खर्रकन वाजतो.

८०डब्ल्यू-९० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्या ऑइलची थंडीची चाचणी उणे २६ अंशांवर होते. आपले १० अंश त्याला काहीच नाहीत. पुस्तकातच १४० लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.

पातळ करायला डिझेल किंवा इंजिनचं काळं ऑइल घालणं तर त्याहून वाईट. सकाळी गिअर पडेल, दुपारी गरम झाल्यावर दातांमध्ये ऑइलचा थर टिकणार नाही.

ऑइल ब्रेकचा ट्रॅक्टर असेल तर जास्तच जपा. बऱ्याच मॉडेलमध्ये गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक एकाच ऑइलवर चालतात. तिथे साधं गिअर ऑइल गेलं की ब्रेकच्या प्लेटा खराब होतात. भरली ट्रॉली घेऊन हायवेला लागणाऱ्याने याचा विचार दुकानातच करावा.

स्टार्टर मारताना क्लच दाबा, बॅटरीवरचा भार हलका होतो. इंजिन चालू झाल्यावर हँडब्रेक लावा, न्यूट्रलमध्ये, पीटीओ बंद ठेवून क्लच सोडा आणि चार-पाच मिनिटं थांबा. क्लच दाबूनच बसलात तर आतलं ऑइल नीट घुसळलं जात नाही.

दुपारी बाराला, ट्रॅक्टर तापल्यावरही गिअर अडतोय? मग बहुतेक क्लच पूर्ण सुटत नाही. मिस्तरीकडून पेडलची ढिलाई तपासून घ्या. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ते बदलायचंच.

नवीन कॅन घेतला असेल तर झाकण उघडायच्या आधी कॅनचा आणि पुस्तकातल्या ऑइलच्या पानाचा फोटो याच नंबरवर पाठवा.