काठावरची भक्ती

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी आणि आमचे हे कोयनेच्या जलाशयात कयाक चालवून आलो. एवढे एकच वाक्य लिहून हा लेख संपवायला हरकत नव्हती. नवराबायको सुट्टीत कुठेतरी जाऊन आली, यात जगाला सांगण्यासारखे काही नसते. परंतु काठावर उभ्या असलेल्या कोणा ओळखीच्या गृहस्थांनी काढलेले आमचे छायाचित्र आमच्या आधी कोरेगावात येऊन पोहोचले. (कोरेगाव म्हणजे साताऱ्याचे, भीमेकाठचे नव्हे.) मग बाजारपेठेपासून स्टेशनपर्यंत ज्याला त्याला या विषयावर मत आहे असे आढळून आले. शिक्षकांच्या खोलीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवात, दळणाच्या गिरणीत मी ती मते ऐकून घेतली. ऐकून घेणे हा शिक्षकी पेशाचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे उत्तर देणे. ते आज देते.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. शिक्षण दहावीचे, जुन्या माणसांच्या भाषेत मॅट्रिक. वर चित्रकलेची पदविका. शाळेत मुलांना रंग कालवायला शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. पोहायला मात्र मी आठव्या वर्षी शिकले. वडिलांनी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून मला मळ्यातल्या विहिरीत सोडले होते, तेही पहाटे, कोणी बघू नये म्हणून. मुलीला पोहायला शिकवण्यात लपवण्यासारखे काय होते, हे तेव्हा कळले नाही. आता पंचेचाळिसाव्या वर्षी छायाचित्रावरून झालेला गहजब पाहून थोडे थोडे कळू लागले आहे.

कयाक म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. कारण नावे ठेवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती पाहिलेली नाही. ही अरुंद, लांबट होडी. हातातल्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे मारत जायचे. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनी ती सीलच्या कातड्यांतून शिकारीसाठी घडवली. त्यांच्याकडे दुसरी एक मोठी, उघडी होडी असे, तिचे नाव उमियाक. ती बायकांची होडी म्हणूनच ओळखली जाई. म्हणजे बर्फाच्या देशातही बाईने वल्हे हातात घेण्यात कोणाला वावगे वाटले नाही. वावगे वाटायला कृष्णाकाठची पुण्यभूमीच हवी!

पहिला आक्षेप वयाचा. दोन मुलांच्या आईबापांना हे शोभते का? हा आक्षेप बहुधा हसत हसत घेतला जातो, म्हणून तो अधिक लबाड आहे. त्यातली खरी गोम वयाची नाही. दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसणारा लय धरतो आणि मागे बसणारा दिशा ठेवतो. आमच्या ह्यांना पोहता येत नाही आणि पाण्याचा अंदाजही नाही, म्हणून ते पुढे बसले, मी मागे. छायाचित्रात ते स्पष्ट दिसत होते. लोकांना टोचले ते हे! एक सद्गृहस्थ आमच्या ह्यांना म्हणाले, “काय गुरुजी, सुकाणू बाईंच्या हातात दिसतंय.” हे म्हणाले, “हो, म्हणून तर परत आलो.” या उत्तरात मला काही भर घालावीशी वाटत नाही.

दुसरा आक्षेप जरा गंभीर तोंडाने येतो. ज्या तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांनी टँकरची वाट पाहण्यात उन्हाळेच्या उन्हाळे काढले, तिथल्या शिक्षिकेने पाण्यावर खेळावे काय? या आक्षेपकांना मी आमच्याच तालुक्यातल्या वेळूचे नाव सांगते. २०१६ साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत या गावाने पहिला क्रमांक मिळवला. पंचेचाळीस दिवसांच्या त्या स्पर्धेत माणसांनी उन्हातान्हात चर खणले, बांध घातले. पाण्याचा आनंद आणि पाण्याची काळजी ही एकमेकांच्या वैऱ्याची मुले नव्हेत. ज्याला पाणी पाहून आनंद होत नाही तो त्यासाठी कुदळ कशाला उचलील? उलट पाण्याचा हिशेब फक्त मोटारीच्या बटणाशी ठेवणारा माणूस विहीर आटेपर्यंत उपसतो आणि मग बोअर खणतो. त्याला कोणी कधी विचारले आहे, की हे तुम्हांला शोभते का?

तिसरा आक्षेप धोक्याचा. पाण्याशी खेळ नको, असे म्हणणाऱ्यांची माया मी समजू शकते. पण पाण्याशी खेळ न करणाऱ्यांना पाणी सोडते काय? ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला महापुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची होडी उलटली. बसवू नयेत इतकी माणसे तिच्यात होती. ती सहलीला निघाली नव्हती; जन्मभर कृष्णेच्या काठी राहिलेली, जीव वाचवायला निघालेली माणसे होती. बुडालेल्यांत बायका आणि मुले होती. त्या पुरानंतर मी माझ्या वर्गात विचारले, पोहता कोणाकोणाला येते? मुलांचे बरेच हात वर झाले. मुलींचे दोन. नदीच्या पायरीवर बसून ज्यांच्या आज्यांनी आणि पणज्यांनी गावाची धुणी धुतली त्यांच्या नातींचे हात! बाईने नदीत गुडघ्याएवढे उतरायचे, धुवायचे आणि वर यायचे. पाय घसरला तर देव आहे. ही आमची सुरक्षितता!

आणि ज्यांना आपण धाडस म्हणतो त्यांतच सुरक्षिततेचे पाठ असतात, हे मी मे महिन्यात शिकले. आम्ही कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे गेलो आणि दाभोळच्या खाडीत दोन दिवस काढले. तिथल्या मच्छीमाराने आम्हांला आधी तासभर काठावर बसवून ठेवले. भरती लागल्याशिवाय वर जायचे नाही, आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर परतायचे. पाण्याशी भांडायचे नाही, असे त्याने बजावले. ज्या भागात मगरी ऊन खात पडतात तिकडे त्याने आमची होडी वळूच दिली नाही. चाळीस वर्षे ‘पाण्यापासून लांब राहा’ एवढा एकच धडा ऐकलेल्या मला, पाण्याजवळ कसे राहावे हे त्याच्याकडून कळले. आपल्या शाळांत पहिला धडा आहे, दुसरा नाही.

त्याच खाडीत आणखी एक गोष्ट हाताला लागली. कोयना नदी निसर्गाच्या मनाने कऱ्हाडला कृष्णेत मिळते आणि पूर्वसमुद्राला जाते. माणसाने तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवले. ते पोफळीला वीज करून खाली उतरते आणि वाशिष्ठीतून याच खाडीला येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने असे ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला नेण्यास मुभा दिलेली आहे. हा आकडा मी वर्तमानपत्रात कितीदा वाचला असेल. पण डिसेंबरात वर जलाशयात वल्हवलेले पाणी मे महिन्यात खाली खारे होऊन हाताला लागले, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ कळला. पाण्याच्या वाटपावर पारावर तावातावाने बोलणाऱ्या मंडळींनी एकदा तरी हा प्रवास करावा. तावात फरक पडणार नाही, बोलण्यात पडेल.

आता चौथा आक्षेप. हा सर्वांत धार्मिक, म्हणून सर्वांत मोठ्या आवाजातला. नदी ही आई. आईच्या अंगावर मौज करायची नसते. मी तर म्हणते, पोर खेळते ते आईच्याच अंगावर. पण ते राहू द्या. या मातृभक्तीचा हिशेब पाहू. वाईला कृष्णामाईचे उत्सव होतात, क्षेत्र माहुलीला वेण्णेच्या संगमावर घाट आहेत, देवळे आहेत. या सगळ्याबद्दल मला मनापासून प्रेम आहे. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली तीत आमची कृष्णाही आहे. आईची ओटी भरायची आणि त्याच आईच्या तोंडात गावाचे गटार सोडायचे! घाटाच्या वरच्या पायरीवरून हे दिसत नाही. तिथून फक्त दिवे दिसतात आणि द्रोण वाहत जाताना दिसतात. कयाकमध्ये बसणाऱ्याचे नाक पाण्यापासून दोन-अडीच हातांवर असते. त्याला नदी जशी आहे तशी कळते. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की आपली भक्ती काठावरची आहे. ती लांबून हात जोडते, कारण जवळ गेले तर वास येईल हे तिला ठाऊक आहे.

इथवर लिहिताना मला अडचण पडली नाही. चार आक्षेपकांना चार उत्तरे देऊन मी जिंकल्याच्या थाटात उठलेही असते. पण पाचवा आक्षेप राहिला आहे, आणि तो घेणाऱ्या बाईंनी तो आक्षेप म्हणून घेतलाही नव्हता.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी तिला न्यायला शाळेत आली होती. छायाचित्राची गोष्ट तिच्याही कानावर गेली होती. तिने विचारले, “बाई, कोयनेत कुठल्या अंगाला गेला हुता?” मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मंग आमच्या चुलीवरनंच गेली असंल तुमची व्हडी.”

तिचे माहेर शिवसागराच्या तळाशी आहे. धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा ती परकर नेसण्याच्या वयाची होती. “उन्हाळ्यात पानी हटलं की देवळाचा चौथरा दिसतो म्हनत्यात. म्या काय बघाया गेले न्हाई,” एवढे बोलून तिने नातीचे दप्तर घेतले आणि ती निघून गेली.

कोयनेला आपण महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतो, आणि ते खोटे नाही. १०५ टीएमसी पाणी आणि त्यावरची वीज. तिच्यावर आमच्या गिरण्या, कारखाने आणि हा लेख लिहितानाचा दिवा चालला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपातही ते धरण उभे राहिले. पण भाग्यरेषा ज्यांच्या तळहातावरून ओढली गेली त्या माणसांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही मोर्चे काढून विचारावे लागतात. आणि आता त्याच पाण्यावर सहली. २०२४ साली जावळी तालुक्यात मुनावळ्याला शासनाचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले. पर्यटनाला माझा विरोध नाही. असता तर मी गेलेच नसते. परंतु आम्ही जिथे पाण्यात उतरलो तिथे नियमांची पाटी होती, दरांची पाटी होती. खाली कोणती गावे आहेत याची पाटी नव्हती. ‘निसर्गरम्य’ हा शब्द आम्ही फार सहज वापरतो. जिथून माणसे उठवली गेली तिथली शांतता ही निसर्गाची नसते.

मग काय करावे? तिकडे जाऊच नये? मी यावर महिनाभर विचार केला. माझे मत असे झाले, की न जाण्याने आजीचे घर वर येत नाही. आम्ही न गेल्याने एवढेच होईल की विचारणाराही कोणी उरणार नाही. गेलो नसतो तर आजीने मला तिची चूल सांगितली नसती, आणि मीही विचारली नसती. चुकलो ते जाण्यात नव्हे, न विचारता जाण्यात.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत. जलाशयाच्या प्रत्येक धक्क्यावर बुडालेल्या गावांची नावे ठळक अक्षरांत लिहा, आणि वल्हे हातात देण्याआधी पाहुण्याला ती वाचायला लावा. पाण्यावरच्या धंद्यात पहिला हक्क पाण्याखाली ज्यांची घरे आहेत त्यांच्या मुलानातवंडांचा असू द्या. नदीकाठच्या प्रत्येक शाळेत मुलींना पोहणे शिकवा. तलाव नसेल तर विहीर आहे, आणि पांगारा अजून उगवतो. आणि उत्सव करणाऱ्यांनी वर्षातून एक दिवस आपल्या गावाच्या अंगाने होडीतून जावे, गटारांची तोंडे मोजावीत आणि मगच आरती म्हणावी. यातली एकही गोष्ट अशक्य नाही. काठ सोडावा लागेल, एवढेच.

आमच्या घरापुरती सुरुवात झाली आहे. पुढल्या वेळी पुढे बसणाऱ्यालाही पोहता आले पाहिजे, अशी अट मी घातली. आणि आमचे हे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पाठीला बिंडा बांधून विहिरीत उतरू लागले आहेत. पहाटे नव्हे, चांगले उजाडल्यावर. ज्यांना हसायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी मळ्यात जरूर यावे, छायाचित्रही काढावे. मात्र पोहता येत नसेल तर येताना आपलाही बिंडा घेऊन यावे.