मार डोक्याला, घाव आठवणीला
परांचीवरून पडून किंवा रस्त्यावरील अपघातात डोक्याला जबर मार लागलेला माणूस घरी येतो. जखम भरते, पण सकाळचे बोलणे दुपारी आठवत नाही. गावाकडचे जुने मात्र सारे आठवते. मग घरचेच म्हणतात, ‘सोंग करतो!’

बंधू-भगिनींनो, हे सोंग नव्हे. नवे साठवून ठेवण्याची मेंदूची शक्तीच दुखावलेली असते. ‘आठवा बघू’ अशी परीक्षा घेऊ नका. चुकीचे उत्तरच डोक्यात बसते. बरोबर ते आपणच सांगा. किल्ली, औषधे यांची जागा ठरवा. वही व मोबाईलचा गजर वापरा. दारू पूर्ण बंद. पहिल्या ६ महिन्यांत सुधारणा जास्त, पण पुढेही होते. तोवर कर्त्या माणसाचा मान राखा.