रिकाम्या रांगेचा वजनगट

यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स संस्थेच्या लढती आता जवळपास दर शनिवारी असतात. पण दर्जाचे लढवय्ये तेवढे आहेत कुठे? १५५ पौंडांच्या लाइटवेटमध्ये क्रमवारीतला पंधरावाही पाचव्याला धूळ चारू शकतो. हेवीवेटमध्ये मात्र तीच ती नावे फिरतात. अशा गटात टॉम ॲस्पिनॉल नोव्हेंबर २०२३मध्ये हंगामी विजेता झाला आणि मुख्य विजेता जॉन जोन्सशी लढण्याची वाट पाहत जून २०२५पर्यंत ताटकळला. मधे एकच लढत, तीही मँचेस्टरला, अमेरिकी प्रेक्षकांच्या सोयीसाठी तिथल्या भल्या पहाटे! कर्टिस ब्लेड्सला त्याने ६० सेकंदांत संपवले. जोन्स मात्र ॲस्पिनॉलशी न लढताच निवृत्त झाला. ऐन उमेदीतली दीड वर्षे अशी वाया घालवणे हा अन्यायच. कार्यक्रम कमी करा, पण विजेत्याला वर्षातून दोनदा तरी उतरवा.