निनावी की गोपनीय?

मनमाडजवळ पानेवाडी परिसरात २५ जानेवारी २०११ रोजी इंधन भेसळीचा प्रकार रोखू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. अधिकाऱ्याची ही गत, तर आपण तोंड का उघडावे, असे येथील तरुणाने विचारल्यास शिक्षक व समुपदेशकांनी काय सांगावे?

प्रथम ‘निनावी’ आणि ‘गोपनीय’ यांतील फरक सांगावा. निनावी खबर देणाऱ्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते. गोपनीय खबरीत ते पोलिसांपुरते राहते. गुन्ह्याची खबर कोठून मिळाली, हे सांगण्याची सक्ती न्यायालयातही पोलिसांवर करता येत नाही. मात्र ११२ वर केलेल्या दूरध्वनीचा क्रमांक नोंदला जातो.

‘कोणालाही सांगणार नाही’ हे वचन तर देऊच नये. बालकावरील लैंगिक अत्याचार कळल्यास २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. साक्ष देण्याची वेळ आलीच, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेची माहिती द्यावी.

या मर्यादा आधीच सांगितल्या, तर काही मुले गप्प बसतील हे खरे. पण खोट्या हमीवर बोललेला मुलगा एकदा फसला, की त्याचे मित्रही कायमचे गप्प होतात.